ठेवीचा दर कुणाच्या हातात: पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे एक प्रकरण

संस्था तालुक्याच्या गावातली, सात शाखांची नागरी सहकारी पतसंस्था. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पाने एलिमेंटर या त्याच्या मांडणीच्या प्लगइनने (जोड-सॉफ्टवेअरने) सजवलेली. संचालक मंडळाने एक ते दोन वर्षांच्या ठेवीचा दर ९ वरून ८.५ टक्क्यांवर आणला आणि मुख्य कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने त्याच दिवशी दरपत्रकाच्या पानावर आकडा बदलला. मुखपृष्ठावरचा पट्टा, ज्येष्ठ नागरिकांचे पान, दामदुप्पटचे पान आणि व्याजाचा कॅल्क्युलेटर मात्र जुन्याच दराने चालत राहिले. पुढे एक ठेवीदार मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून काउंटरवर उभा राहिला. पावतीवर ८.५, स्क्रीनवर ९.

यात कर्मचाऱ्याची चूक शोधणे सोपे आहे, पण तिथे काही सापडत नाही. दर एकूण ११ ठिकाणी हाताने लिहिलेला होता. काही ठिकाणी ‘९%’, काही ठिकाणी ‘९ टक्के’, एका कोष्टकात ‘९.००’, बाकी ठिकाणी इंग्रजी आकड्यांत. असा दर शोधून बदलायचा तर शोधायचा शब्द कोणता, इथूनच अडचण. त्यातून एलिमेंटर पानाची मांडणी पोस्टच्या मजकुरात ठेवत नाही, पोस्ट-मेटामध्ये, म्हणजे पानाला जोडलेल्या वेगळ्या नोंदीत, जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीत ठेवतो आणि मजकुराच्या रकान्यात त्याची साधी प्रत टाकतो. डेटाबेसमध्ये मजकुराचा रकाना बदलला की काम झाल्यासारखे वाटते, पण पानावर जुनाच आकडा दिसतो.

कॅल्क्युलेटर म्हणजे एचटीएमएल (पानाची खूणभाषा) विजेटमध्ये, म्हणजे पानावर बसवायच्या तयार तुकड्यात, चिकटवलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) होती आणि दरांची यादी त्या कोडमध्येच होती. त्याचीच दुसरी प्रत एका शाखेच्या पानावर ‘कस्टम एचटीएमएल’ ब्लॉकमध्ये होती. त्या शाखेच्या कर्मचाऱ्याला वर्डप्रेसमध्ये मर्यादित दर्जा होता. या दर्जाला कच्चे एचटीएमएल साठवायची मुभा नव्हती. त्याने पत्ता दुरुस्त करून पान सेव्ह केले, तेव्हा वर्डप्रेसच्या गाळणीने स्क्रिप्टचा टॅग काढून टाकला आणि आतला कोड साधा मजकूर म्हणून पानावर उरला. ग्राहकाला कॅल्क्युलेटरच्या जागी कंसांचा ढीग दिसत होता.

कुणाचे काय

पहिले काम कोड लिहिण्याचे नव्हते. पानावरच्या प्रत्येक गोष्टीचा धनी ठरवायचा होता. वाक्ये, फोटो, रंग, रकान्यांचा क्रम, कोणते कोष्टक कुठे बसवायचे, हे सगळे संपादकाचे. संचालक मंडळाच्या ठरावाने जो आकडा बदलतो तो सर्व्हरचा: दर, मुदतीचे टप्पे, ज्येष्ठांचा जादा दर, लागू होण्याची तारीख. ठरावातल्या आकड्यावरून जो आकडा निघतो, तोही सर्व्हरचाच.

हा शेवटचा गट सहसा निसटतो. ‘९४ महिन्यांत दामदुप्पट’ या शीर्षकात टक्का कुठेच दिसत नाही, म्हणून दर बदलताना तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण ९४ हा आकडा ९ टक्के दर आणि तिमाही चक्रवाढ यांतून आलेला आहे. ९३ महिने, म्हणजे ३१ तिमाह्या झाल्या की एक लाखाचे साधारण १,९९,३२५ होतात, दुप्पट व्हायला ९४वा महिना लागतो. दर ८.५ झाला की ९८ महिन्यांतही रक्कम १,९८,७६३ च्या आसपासच राहते, दुप्पट ९९व्या महिन्यात होते. म्हणजे शीर्षकात पाच महिन्यांची चूक, आणि तीही सर्वांत मोठ्या अक्षरांत.

मग आकडा संपादकाला टाइपच करता येऊ नये, पण तो कुठे आणि कसा दिसावा हे ठरवण्याची पूर्ण मोकळीक मात्र असावी. वर्डप्रेसमध्ये ६ डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर, म्हणजे परिच्छेद, चित्र, कोष्टक असे तुकडे (ब्लॉक) जोडून पान बांधण्याची सोय, आहे. त्यातल्या ‘डायनॅमिक’ ब्लॉकचा नेमका हाच उपयोग. साधा ब्लॉक सेव्ह करताना तयार एचटीएमएल मजकुरात लिहून ठेवतो. डायनॅमिक ब्लॉकचे सेव्ह फंक्शन ‘नल’ (काहीच नाही) परत करते, त्यामुळे डेटाबेसमध्ये फक्त एक एचटीएमएल टिप्पणी उरते: ब्लॉकचे नाव आणि संपादकाने निवडलेले गुणधर्म. दर्शनी एचटीएमएल पान उघडताना पीएचपी (वर्डप्रेसची सर्व्हरवर चालणारी भाषा) तयार करते. ६.१ आवृत्तीपासून ब्लॉकच्या जेसन फाइलमध्ये ‘रेंडर’ची फाइल नमूद केली की पुरते, वेगळे कॉलबॅक (वेळ आली की वर्डप्रेसने बोलावायचे फंक्शन) नोंदवावे लागत नाही.

साधा ब्लॉक घेतला असता तर दुसरा त्रासही होता. त्याचे सेव्ह होणारे एचटीएमएल कोडमध्ये थोडे जरी बदलले, तरी आधीची पाने एडिटरमध्ये उघडताना ‘अनपेक्षित किंवा अवैध मजकूर’ असा इशारा येतो. मग जुन्या प्रत्येक रूपाची व्याख्या ‘डेप्रिकेटेड’ (कालबाह्य रूपांच्या) यादीत सांभाळत बसा.

एलिमेंटरमध्येही पीएचपीत स्वतःचे विजेट लिहिता येते, हे खरे. पण मुखपृष्ठ सोडले तर बाकी पाने साधी होती, ती ब्लॉक एडिटरमध्ये नव्याने बांधली. मुखपृष्ठ एलिमेंटरवरच ठेवून तिथे शॉर्टकोड (कंसात लिहिलेले छोटे नाव, त्याच्या जागी सर्व्हर मजकूर भरतो) बसवला. वाक्याच्या मध्ये दर हवा असेल तिथेही शॉर्टकोडच. ६.५ मध्ये आलेली ब्लॉक बाइंडिंगची सोय परिच्छेदाचा सगळा मजकूर स्रोताशी जोडते, त्यातला एखादा शब्द नाही. ब्लॉक, शॉर्टकोड आणि कॅल्क्युलेटरचा रेस्ट मार्ग (ब्राउझरने सर्व्हरकडून माहिती मागवण्याचा पत्ता) असे तीन दरवाजे झाले, पण तिन्हींच्या मागे हिशेबाचे फंक्शन एकच आहे. त्या फंक्शनला एचटीएमएल माहीत नाही, की ते कोणत्या दरवाजातून बोलावले गेले हेही माहीत नाही. बाकी सगळे याच एका अटीवर उभे आहे.

दरांचे टेबल

दर वर्डप्रेसच्या ऑप्शनमध्ये (सेटिंग साठवण्याच्या जागी) ठेवणे सोपे, पण तिथे मागचा दर पुसला जातो. इथे वेगळे टेबल केले: योजना, किमान दिवस, कमाल दिवस, दर, ज्येष्ठांचा जादा दर, लागू तारीख, ठराव क्रमांक, नोंदवणारा, मंजूर करणारा, मंजुरीची वेळ. मंजूर झालेली ओळ पुन्हा कधी बदलायची नाही, नवा दर म्हणजे नवी ओळ. चालू दर काढताना त्या योजनेच्या आणि टप्प्याच्या मंजूर ओळींतून, लागू तारीख ठेवीच्या तारखेइतकी किंवा त्याआधीची आहे अशी सर्वांत अलीकडची ओळ घ्यायची. ‘आजच्या’ तारखेऐवजी ‘ठेवीच्या’ तारखेने शोधल्यामुळे मागच्या महिन्यातल्या पावतीचा हिशेबही त्याच कॅल्क्युलेटरवर पडताळता येतो.

दराचा रकाना दशांश प्रकारचा, एकूण ५ अंक आणि त्यांतले २ दशांशानंतर. फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नये. टेबल वर्डप्रेसच्या डीबीडेल्टा फंक्शनने बनवायचे तर त्याचे हट्ट सांभाळावे लागतात: प्रत्येक रकाना स्वतंत्र ओळीवर, आणि ‘प्रायमरी की’ या शब्दांनंतर दोन मोकळ्या जागा. जुन्या आवृत्त्यांत एकच जागा सोडली की पुढच्या अपडेटला ते फंक्शन प्रायमरी की पुन्हा जोडायला जात असे आणि लॉगमध्ये त्रुटी येत असे.

टप्प्यांच्या कडा नोंदणीच्या वेळीच तपासायच्या. एका टप्प्याचा शेवट ३६५ दिवस आणि पुढच्याची सुरुवातही ३६५ असेल तर बरोबर एक वर्षाची ठेव दोन्हींत सापडते. शेवट ३६४ आणि सुरुवात ३६६ असेल तर कुठेच सापडत नाही. फॉर्मने दोन्ही परिस्थितींत नोंद अडवावी.

नोंद एकाने भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची. काउंटरवर मेकर-चेकर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असते, तेच इथे आणले. त्यासाठी दोन स्वतंत्र परवानग्या बनवल्या. त्या वर्डप्रेसमध्ये डेटाबेसमध्ये साठतात, म्हणून प्लगइन सुरू करताना एकदाच जोडायच्या, प्रत्येक पानागणिक नाही. नोंदवणारा आणि मंजूर करणारा एकच असेल तर नकार सर्व्हरने द्यावा. बटण लपवणे म्हणजे अडवणे नव्हे.

पाच रुपये चौऱ्याहत्तर पैसे

जुना कॅल्क्युलेटर दर दुरुस्त केल्यावरही पावतीशी जुळत नव्हता. एक लाख, ८.५ टक्के, ४०० दिवस. जुना कोड दिवसांना ९१.२५ ने भागून जो अपूर्णांक येई त्याचा घात घेत असे: ४.३८ तिमाह्या. उत्तर १,०९,६५५.६५. संस्थेच्या लेजरची रीत वेगळी आहे: पूर्ण तिमाह्यांवर चक्रवाढ आणि उरलेल्या दिवसांवर सरळव्याज. चार तिमाह्यांनी १,०८,७७४.८०, त्यावर ३५ दिवसांचे ८८६.५९, एकूण १,०९,६६१.३९. फरक ५ रुपये ७४ पैशांचा. रक्कम किरकोळ वाटते, पण पावती आणि संकेतस्थळ यांत एक रुपयाचाही फरक असला की ठेवीदाराच्या दृष्टीने दोघांपैकी एक खोटे बोलत असते.

पुढचा प्रश्न पूर्णांकाचा. दर तिमाहीला व्याज रुपयात पूर्ण करायचे, की शेवटी एकदाच? तिमाहीला केले तर व्याज २,१२५, २,१७०, २,२१६ आणि २,२६३, म्हणजे वर्षाअखेर १,०८,७७४. शेवटी एकदाच केले तर १,०८,७७५. गंमत अशी की ४०० दिवसांच्या ठेवीला दोन्ही रीतींनी १,०९,६६१ हेच उत्तर येते. त्या एकाच नमुन्यावर चाचणी घेतली असती तर चुकीची रीतही पास झाली असती. रीत कोणती हे प्रोग्रामरने ठरवायचे नसते, ते लेजरच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहायचे. या संस्थेत तिमाहीला पूर्णांक होता.

पीएचपीत हा हिशेब बीसीमॅथ या अचूक दशांश हिशेबाच्या विस्ताराने केला. बीसीमॅथ जास्तीचे अंक छाटतो, जवळच्या अंकाला पूर्ण करत नाही. पूर्णांक करणारे फंक्शन पीएचपी ८.४ मध्ये आले. त्याआधीच्या आवृत्तीत धन रकमेत ०.५ मिळवून मग शून्य दशांशावर छाटावे.

तिमाही मोजताना तारीख दगा देते. ३० नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘तीन महिने’ मिळवले की पीएचपी ३० फेब्रुवारी गाठायला जाते आणि २ मार्च २०२५ वर उतरते. लेजर २८ फेब्रुवारीवर थांबते. उपाय: महिन्याच्या १ तारखेवर जाऊन महिने मिळवायचे, मग मूळ दिवस आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस यांपैकी लहान तो घ्यायचा. आणि प्रत्येक वेळी मूळ तारखेपासूनच मोजायचे. मागच्या उत्तरापासून मोजले तर फेब्रुवारीत २८ वर आलेली तारीख मे महिन्यातही २८ वरच अडकून राहते.

पडताळणीसाठी लेजरमधल्या ३० मुदत संपलेल्या पावत्या घेतल्या. नमुना आपोआप निघेल तसा न घेता मुद्दाम वाकडा निवडला: ३१ ऑगस्टची ठेव, ३० नोव्हेंबरची, २९ फेब्रुवारीला सुरू झालेली, टप्प्याच्या बरोबर कडेवरची, ज्येष्ठ नागरिकाची, आणि मधे दर बदललेला असताना चालू असलेली.

ब्लॉक संपादकाच्या हाती

दरकोष्टकाच्या ब्लॉकला तीनच गुणधर्म दिले: योजना, ज्येष्ठांचा रकाना दाखवायचा की नाही, लागू तारीख वर की खाली. रंग, अंतर आणि अक्षरांचा आकार यांसाठी वर्डप्रेसची तयार साधने सुरू केली. इथे हमखास होणारी चूक: रेंडरच्या फाइलमध्ये बाहेरच्या डब्याला ‘गेट ब्लॉक रॅपर ॲट्रिब्यूट्स’ हे फंक्शन लावायला विसरणे. मग संपादक एडिटरमध्ये हिरवी पार्श्वभूमी निवडतो आणि प्रत्यक्ष पानावर ती येतच नाही. तो पुन्हा पुन्हा निवडतो, सेव्ह करतो, आणि शेवटी कोष्टकाचा स्क्रीनशॉट काढून चित्र म्हणून चिकटवतो. सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

एडिटरमधल्या झलकेसाठी ‘सर्व्हरसाइड रेंडर’ हा घटक वापरला. तो तेच पीएचपी रेस्टमार्गे चालवून दाखवतो, त्यामुळे संपादकाला खरा दर दिसतो. प्रत्येक बदलाला सर्व्हरकडे एक फेरी होते, पण तीन गुणधर्मांच्या ब्लॉकला ते परवडते.

डीफॉल्ट किमतींबाबत एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. गुणधर्माची किंमत डीफॉल्टइतकीच असेल तर ती टिप्पणीत लिहिलीच जात नाही. ‘ज्येष्ठांचा रकाना’ आज डीफॉल्टने बंद ठेवला आणि सहा महिन्यांनी कोडमध्ये चालू केला, तर ज्या ज्या पानावर संपादकाने त्याला हात लावला नव्हता तिथे तो अचानक उगवतो. डीफॉल्ट पहिल्याच दिवशी विचार करून ठरवावा आणि नंतर त्याला हात लावू नये.

जुनी पाने नव्या ब्लॉकमध्ये आणताना स्क्रिप्ट चालवली, तिथे मराठीचा खास सापळा लागला. पीएचपीचे जेसन एन्कोड साध्या रूपात वापरले की देवनागरी अक्षरांचे ‘उलटी तिरकी रेघ, यू, चार अंक’ असे संकेत होतात. वर्डप्रेसची पोस्ट अपडेट आणि मेटा अपडेट करणारी फंक्शने येणाऱ्या माहितीतल्या उलट्या रेघा काढून टाकतात. रेघा गेल्या की ‘ठेव’ या शब्दाच्या जागी पानावर इंग्रजी यू आणि अंकांची माळ दिसते. दोन्ही करावे: जेसन करताना युनिकोड जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय द्यावा, आणि साठवण्याआधी मजकूर ‘डब्ल्यूपी स्लॅश’मधून काढावा. इंग्रजी संकेतस्थळावर ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते, मराठीवर पहिल्याच पानाला दिसते.

आकडे टाइप करण्यातही तसेच. कुणी ‘५००००’ देवनागरीत लिहितो, कुणी ‘५०,०००’, कुणी पुढे रुपयाचे चिन्ह लावतो. पीएचपीला देवनागरी अंक हे अंक वाटत नाहीत, जावास्क्रिप्टलाही नाहीत. चौकट मजकूर प्रकारची ठेवून मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड मागवला, आणि सर्व्हरवर आधी दहा अंकांची अदलाबदल, मग स्वल्पविराम, चिन्ह आणि मोकळ्या जागा काढणे, आणि त्यानंतरच तपासणी. दाखवताना लाखाच्या जागी स्वल्पविराम हवा तर पीएचपीचे साधे नंबर फॉरमॅट चालत नाही, ते हजारांच्या गटांतच तोडते. इंटल या पीएचपी विस्तारातला नंबर फॉरमॅटर मराठी-भारत लोकॅलने (भाषा आणि देश यांच्या निवडीने) देवनागरी अंक आणि लाखाची विभागणी दोन्ही देतो. स्वस्त होस्टिंगवर इंटल कधी कधी बंद असतो, ते आधी पाहून घ्यावे.

रात्री बारा ते साडेपाच

नवा दर १ तारखेपासून लागू, नोंद २५ तारखेलाच मंजूर. १ तारखेला पहाटे पाहिले तर पानावर जुनाच दर. वर्डप्रेस पीएचपीचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) ठेवतो, म्हणून साध्या डेट फंक्शनच्या लेखी भारतातले पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत कालचीच तारीख असते. तारीख वर्डप्रेसच्या स्वतःच्या फंक्शनने घ्यावी आणि सेटिंगमध्ये कोलकाता निवडलेले असावे. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या प्रश्नभाषेत) डेटाबेसची ‘आजची तारीख’ वापरू नये, तिचे घड्याळ तिसरेच असू शकते.

ही दुरुस्ती झाल्यावर सकाळी दहालाही जुना दर दिसला. आता कारण होते पान-कॅशे, म्हणजे तयार पानांची साठवलेली प्रत. सर्व्हर तयार एचटीएमएल देत होता, पीएचपीपर्यंत मागणी पोचतच नव्हती. कॅशे प्लगइन पान सेव्ह झाले की पुसतात, पण इथे कुणीच काही सेव्ह केलेले नसते, फक्त तारीख उलटलेली असते. म्हणून मंजुरीच्या क्षणीच लागू तारखेच्या १२ वाजून १ मिनिटासाठी, म्हणजे यूटीसीनुसार आदल्या दिवशीच्या १८:३१ साठी, कॅशे पुसण्याचे काम नियोजित केले. वर्डप्रेसचे स्वतःचे क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी यंत्रणा) मात्र कुणी पान उघडले आणि पीएचपी चालले तरच जागे होते. कॅशे केलेल्या पानावर तेही होत नाही. तेव्हा ते क्रॉन बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून दर ५ मिनिटांनी खरे क्रॉन लावले.

कॅशेचा दुसरा फटका कॅल्क्युलेटरला बसला. त्याच्या मागणीबरोबर नॉन्स (मागणी खरी असल्याची अल्पायुषी सांकेतिक खूण) पाठवला जात होता. नॉन्स १२ ते २४ तासांत शिळा होतो, कॅशेतले पान त्याहून जुने असले की रेस्ट ४०३ (नकाराचा संकेत) परत करतो. लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्यांना पान कॅशेतून मिळत नसल्यामुळे कार्यालयात सगळे ठीक, तक्रारी फक्त बाहेरून. हा हिशेब सार्वजनिक आहे, तो काहीच साठवत नाही, म्हणून नॉन्स काढून टाकला. परवानगीचे कॉलबॅक ‘सगळ्यांना चालेल’ असे उघड लिहिले, कारण ५.५ आवृत्तीपासून ते न दिल्यास इशारा येतो. रक्कम, दिवस आणि तारीख यांच्या किमान-कमाल मर्यादा सर्व्हरवर लावल्या.

जे ब्लॉकबाहेर राहिले

मुखपृष्ठावरच्या पट्ट्यात दर चित्रातच कोरलेला होता. चित्र बिनआकड्याचे करून घेतले आणि आकडा त्यावर शॉर्टकोडने मजकूर म्हणून बसवला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या चित्रांना मात्र काही करता येत नाही. नव्या चित्रांवर ‘दिनांक अमुकपासून लागू’ ही ओळ सक्तीची केली, एवढेच.

संपादक सवयीने पुन्हा आकडा टाइप करणार, हे गृहीत धरून रात्री एक तपासणी चालते. ती पोस्टचा मजकूर आणि एलिमेंटरचा मेटा वाचते, ब्लॉक आणि शॉर्टकोड वगळते, आणि देवनागरी किंवा इंग्रजी अंकानंतर टक्क्याचे चिन्ह किंवा ‘टक्के’ हा शब्द दिसला की पानाचा दुवा ईमेलने कळवते. ‘महिन्यांत’च्या आधीचे अंकही ती पकडते, दामदुप्पटसाठी. पहिल्या रात्रीच्या यादीत कर्जाच्या पानावरचे दोन जुने दर निघाले, आणि ठेवींच्या पानावरचे ‘१०० टक्के सुरक्षित’ हे वाक्यही. दर शोधताना ते चुकून सापडले, पण काढायलाच हवे होते: ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांतल्या ठेवींना असते, पतसंस्थेतल्या ठेवींना नसते.